नवरदेवाच्या टायला ‘ट्रिनिटी’ गाठ कोणी बांधली आहे का? (लग्न मे महिन्यात, पारोळ्याला)

गिरणाकाठ

मंडळी, धाकट्या भावाचं लग्न मे महिन्यात आहे, पारोळ्याला. बस्ता झाला, सूट शिवायला टाकला (गडद निळा, थ्री-पीस), बूटही आले. आता भाऊसाहेबांनी फोनवर दोन फोटो दाखवले आणि म्हणे स्वागत समारंभात टायची गाठ अशीच पाहिजे. एका फोटोत गाठीवर तीन तिरप्या पट्ट्या मध्यभागी एकमेकींत अडकतात, ती ट्रिनिटी. दुसरीत पट्ट्या एकाखाली एक वेणीसारख्या उतरत जातात, ती एल्ड्रेज.

घरात टाय बांधता येणारं कोणी नाही. वडील शेती करतात, काका एसटीत होते, आणि पोरासोरांचे शाळेचे टाय इलॅस्टिकचे. मला मुलाखतीपुरती साधी गाठ येते. व्हिडिओ पाहिले तर समोरचा माणूस उजवा हात म्हणतो तेव्हा मला डावा दिसतो, आणि मधल्या एका क्षणी तो काहीतरी करतो ते दिसतच नाही.

यातली कोणती गाठ आपल्याकडच्या लग्नात टिकेल? टाय कसला घ्यावा? जळगावला फुले मार्केटमध्ये चमकणारे सॅटिनचे पुष्कळ दिसले, घेतला नाही अजून. आणि गाठ दुसऱ्याच्या गळ्यात बांधायची तर उभं कुठे राहायचं?

तापीकाठना भो

भो, मे महिनामा पारोळाले थ्री-पीस? नवरदेव स्टेजवरच आडा पडी जाई. आमना टाईमले धोतर-टोपीमा लगीन लागे, कोणले काही नही वाटे. त्याना मांगे एक कूलर लाई द्या पहिले, मंग गाठ बांधा.

गिरणाकाठ

कूलर सांगितले आहेत नाना, स्टेजच्या दोन्ही बाजूंना. आणि सूट फक्त रात्री. लग्न लागताना शेरवानीच आहे.

उरेबवाला (अमळनेर)

वडिलांच्या वेळेपासून शिंपीकाम आहे आमचं. टाय मी शिवत नाही, पण सूट न्यायला आलेलं गिऱ्हाईक बांधून मागतंच, त्यामुळे हात बसलाय. लग्नसराईत या दोन्ही गाठींचे फोटो घेऊन मुलं येतात.

आधी टायबद्दल बोलू, कारण या गाठी बिघडतात त्या बांधण्यापेक्षा कापडामुळे जास्त. साध्या गाठीत रुंद टोक फिरतं आणि बारीक टोक मागे लपतं. ट्रिनिटी आणि एल्ड्रेज, दोन्हींत उलटं आहे. रुंद टोक जागचं हलत नाही, सगळे वेढे बारीक टोकाचे. म्हणून टाय पारखताना रुंद भागाची नक्षी बघत बसू नका, मागचं बारीक टोक हातात धरा. ते जाड लागलं, आतलं अस्तर कडक लागलं, तर ठेवून द्या. इतके वेढे एकावर एक आले की गाठ हनुवटीला टेकते आणि नवरदेव फोटोत वर बघत राहतो.

दुसरं, टाय बारीक टोकाला धरून मोकळा सोडा. सरळ लोंबला पाहिजे. आपोआप पीळ घेत असेल तर कापड नीट उरेब, म्हणजे विणीला तिरकं, कापलेलं नाही. टायचं कापड ४५ अंशांत उरेब कापतात, तीन तुकडे जोडून. ही पद्धत न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फने १९२० च्या दशकात बसवली. उरेब कापडाला ताण देता येतो आणि सोडलं की ते मूळ जागी येतं, म्हणून गाठ सोडल्यावर टाय पुन्हा सरळ होतो. जिथे कापड वाचवायला सरळ कापलेलं असतं तिथे पहिल्याच दिवशी सुरकुती बसते ती बसतेच.

टायच्या मागच्या बाजूला आत एक लांब सैल टाका असतो, टोकाशी त्याचा छोटा फास दिसतो. घरातल्या बायका ‘दोरा निघालाय’ म्हणून कात्रीने उडवतात. उडवू देऊ नका. टायला ताण बसला की तो टाका आत सरकतो, त्याच्यासाठीच तो सैल ठेवलेला असतो.

रंग एकच घ्या. तिरप्या पट्ट्यांचा टाय असेल तर गाठीच्या घड्या आणि कापडावरच्या पट्ट्या यांचा असा गोंधळ होतो की केलेली मेहनत कोणाला दिसत नाही. विणीत थोडा खरखरीतपणा असलेलं कापड बरं. गुळगुळीत सॅटिन घसरतं, जेवणाच्या पंगतीपर्यंत गाठ ढिली होते.

भावाची उंची आणि गळ्याचं माप सांगा, मग पुढचं सांगतो.

गिरणाकाठ

उंची पाच फूट दहा इंच. गळा साडेपंधरा. शर्ट पांढरा, कॉलर कशी आहे ते कळत नाही, टोकांना बटणं नाहीत एवढं खरं.

उरेबवाला (अमळनेर)

मग नेहमीचा टाय पुरेल. बाजारात मिळतो तो साधारण १४५ ते १५० सेंटिमीटर लांब असतो. गळा सतराच्या पुढचा किंवा माणूस सहा फुटांच्या वरचा असता तर जास्त लांबीचा शोधा म्हटलं असतं.

कॉलरची टोकं एकमेकांपासून लांब पसरलेली असली तर उत्तम. टोकं जवळजवळ असली तर ही गाठ त्यांना बाजूला ढकलते आणि कॉलर उचलली जाते. शर्ट अजून शिवायचा असेल तर शिंप्याला सांगा, कॉलर रुंद उघडी ठेव आणि बकरम बऱ्यापैकी कडक घाल. वरचं बटण लागलंच पाहिजे. ते लागत नसेल तर शर्ट बदला, गाठीने झाकू म्हणू नका.

थ्री-पीस आहे हे तुमच्या फायद्याचं. टायचं रुंद टोक जाकिटाच्या आत जाणार, ते पट्ट्याच्या बकलापर्यंत पोचलं की दोन बोटं वर राहिलं, कोणाला कळणार नाही. म्हणजे रुंद टोक थोडं आखूड ठेवून बारीक टोकाला जास्त लांबी देता येते. नुसत्या कोटावर ही सवलत मिळत नाही.

भुसावळ जंक्शन

रेल्वेत टीसी होतो, आता निवृत्त. नोकरीभर काळा कोट आणि टाय, मे महिना असो की डिसेंबर. भुसावळचा पंचेचाळीस अंशांचा फलाट ज्याने कोट घालून पायाखाली घातला त्याच्याकडून एक ऐका: गाठ जितकी साधी तितका माणूस सुखी. आम्ही सगळे चार वेढ्यांची साधी गाठ बांधायचो, थोडी तिरपी बसते, तीच तिची शोभा. फार तर हाफ विंडसर, म्हणजे तिच्याहून जरा भरीव गाठ.

आणि इंग्लंडची गादी सोडलेल्या ज्या ड्यूक ऑफ विंडसरच्या नावाने पोरं फुल विंडसर मिरवतात, तो स्वतः ती गाठ बांधतच नव्हता. त्याचे टायच जाड अस्तराचे करून घेतलेले असत, म्हणून साधी गाठही भरलेली दिसायची. लोकांनी ती आकाराने मोठी बघितली आणि तसं दिसावं म्हणून जास्त वेढ्यांची गाठ काढली.

नवरदेवाकडे बघायला लोक येतात की गाठीकडे?

माहेर धुळं

काका, नवरदेवाकडे तसंही कोणी बघत नाही, सगळे नवरीचा शालू बघतात. त्या बिचाऱ्याला गाठ तरी असू द्या की.

मी साड्या नेसवायला आणि नवरीच्या तयारीला जाते, गेली काही वर्षं नवरदेवाचा टाय, पॉकेट रुमाल हेही माझ्याच गळ्यात पडतं. गिरणाकाठ दादा, तुमच्याकडे सूट रात्री आहे हे बरं झालं, पण तीन गोष्टी कोणी सांगणार नाही त्या सांगते.

हळद. आदल्या दिवशी पोरं नवरदेवाला कानामागून मानेपर्यंत माखतात, आंघोळ केली तरी मानेचा पिवळेपणा जात नाही. पांढऱ्या शर्टाच्या कॉलरला आतून पिवळी रेघ येते आणि फिका टाय असेल तर त्यालाही. मानेला टाल्कम पावडर नका लावू, घामाने तिचा लगदा होतो. कॉलरच्या आत पातळ सुती पट्टी कच्च्या टाक्याने लावून द्या, रात्री काढून टाका. टाय गडद घ्या. मरून, बाटलीहिरवा, निळ्यावर निळाही चालतो, फक्त कोटापेक्षा एक छटा फिका.

हार. गुलाबाचा हार घातला की गाठ झाकली जाते आणि दाबलीही जाते. आपल्याकडे एकच हार कुठे असतो? मामांचा, आत्याकडचा, गल्लीतल्या मंडळाचा, मग नोटांचा. त्यात टॉवेल-टोपीचा आहेर. फोटोवाल्याला आधीच सांगून ठेवा, हार पडायच्या आधी जवळून फोटो काढ. नंतर काढायचे म्हणशील तर गाठ सापडणार नाही.

आणि अक्षता. एल्ड्रेजच्या प्रत्येक घडीत तांदूळ अडकतो. मी एका नवरदेवाच्या गाठीतून केसांच्या पिनेने अक्षता काढल्या आहेत, तोही कुंकू लावलेला तांदूळ, क्रीम रंगाच्या टायवर. लग्न लागताना टाय असणार असेल तर एल्ड्रेज विसरा.

नंदुरबारी सुरतेत

एल्ड्रेजच्या बाजूने बोलायला कोणीच नाही असं दिसतंय, म्हणून मी.

सुरतेत कापडाच्या धंद्यात आहे, गाव नंदुरबार. ऑफिसच्या प्रत्येक समारंभाला एल्ड्रेज बांधतो. जेफ्री एल्ड्रेज नावाच्या माणसाने २००७ मध्ये ही गाठ काढली आणि इंटरनेटवरून ती पसरली. कुठल्या राजाच्या दरबारातून आलेली नाही, म्हणून मला जास्त आवडते. भुसावळकर काका म्हणतात तसा वेढ्यांचा बडेजाव आहे खरा, पण आरशासमोर मिळणारी मजाही त्यातच आहे. साधी गाठ बांधताना माणूस घड्याळ बघतो, ही बांधताना बाकी काही सुचत नाही.

अक्षतांचं ताईंचं बरोबर. पण स्वागत समारंभाला अक्षता नसतात!

एल्ड्रेजला दोन अटी. टाय पातळ अस्तराचा, आणि बांधताना प्रत्येक वेढा जरा सैल सोडून पुढे जायचं, सगळं झाल्यावर वरून खाली एकेक घट्ट करत यायचं. आधीच आवळलात तर बारीक टोक पुढच्या फटीतून जात नाही. शेवटी उरलेलं टोक कॉलरखाली डावीकडे दडपायचं. बारीक टोक जवळजवळ सगळं खर्च होतं, म्हणून लांबीत कंजुषी चालत नाही.

सॅटिनबद्दल एक दुरुस्ती सुचवतो. सुरतेचं सगळंच पॉलिस्टर घसरतं असं नाही. डॉबी विणीचं, बारीक ठिपके उठलेलं घ्या, दोनशे-तीनशेत मिळतं आणि गाठ धरून ठेवतं. धुळ्याला आग्रा रोडवरही असा माल दिसतो.

चोपड्याचा गणित मास्तर

विषय लग्नाचा आहे, पण राहवत नाही.

१९९९ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतल्या थॉमस फिंक आणि योंग माओ या दोघांनी टायच्या गाठी मोजल्या आणि ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात छापल्या. युक्ती सोपी आहे. फिरणारं टोक तीनच ठिकाणी जाऊ शकतं: डावीकडे, उजवीकडे, किंवा मध्ये गळ्याच्या वेढ्याकडे. एकाच ठिकाणी लागोपाठ दोनदा जायचं नाही. चाली आळीपाळीने, एक पुढून तर पुढची मागून. शेवटी पुढून आडवी पट्टी, मग वर आणि तिच्यातून खाली. एवढ्या नियमांत तीन चालींपासून नऊ चालींपर्यंत किती गाठी होतात?

तीन चालींची १, चारची १, पाचच्या ३, सहाच्या ५, सातच्या ११, आठच्या २१, नऊच्या ४३. बेरीज ८५. आकडे बघा कसे येतात: मागचा आकडा अधिक त्याच्या मागच्याची दुप्पट. ५ अधिक ३ ची दुप्पट ११. ११ अधिक ५ ची दुप्पट २१. नववीच्या पोरांना फळ्यावर लिहून दिलं, नियम पोरांनीच शोधला.

भुसावळकरांची साधी गाठ चार चालींची, हाफ विंडसर सहा, फुल विंडसर आठ. नऊवर थांबायचं कारण व्यवहारातलं, त्यापुढे टाय पुरत नाही.

आता गंमत. ट्रिनिटी आणि एल्ड्रेज या ८५ मध्ये बसतच नाहीत! कारण त्यांत टोक एकापेक्षा जास्त वेळा पट्टीखालून ओवलं जातं आणि गाठीचा दर्शनी भाग सपाट राहत नाही. पुढे स्टॉकहोमच्या मिकाएल वेडेमो-योहान्सन आणि सहकाऱ्यांनी हे नियम सैल केले, आणि आकडा ८५ वरून १,७७,१४७ वर गेला. हा तीनचा अकरावा घात आहे. त्यांच्या २०१५ च्या निबंधात तो वाढून २,६६,६८२ झाला.

भावाला म्हणावं, दोनच फोटो दाखवलेस, अजून पुष्कळ बाकी आहेत.

तापीकाठना भो

मास्तर, नवरदेवले हाई सांगू नका. तो मांडवमा बसीसन मोजत राही.

गिरणाकाठ

मास्तर, 😄 तुमचा प्रतिसाद भावाला दाखवला, तो एमएससी आहे. आता तो विचारतोय की नववी चाल घेतली तर काय होईल.

टाय घेतला. एकरंगी, बाटलीहिरवा, ठिपक्यांच्या विणीचा. धाग्यावरची भांडणं वाचून ट्रिनिटीवर शिक्कामोर्तब झालं. उरेबवाले दादा, आता बांधायची कशी ते तुमच्या शब्दांत सांगाल का? व्हिडिओ नको झालेत.

उरेबवाला (अमळनेर)

सांगतो. डावं-उजवं म्हणजे ज्याच्या गळ्यात टाय आहे त्याचं. व्हिडिओत घोळ होतो तो एवढ्यानेच, समोरचा माणूस तुमच्याकडे तोंड करून असतो. आरशाचं तसं नाही, आरशात तुमचा उजवा हात उजवीकडेच दिसतो.

भावाला आरशासमोर उभं करा आणि तुम्ही त्याच्या पाठीमागे उभे राहा, दोन्ही हात त्याच्या खांद्यांवरून पुढे. स्टुलावर बसवलंत तर अजून सोपं. समोर उभं राहून बांधायला गेलात तर प्रत्येक वेळी डोक्यात उलटं करावं लागतं.

कॉलर उभी करा. रुंद टोक उजवीकडे, बारीक टोक डावीकडे. रुंद टोक जिथे हवं तिथेच आत्ता ठेवा, कारण शेवटपर्यंत ते तिथेच राहणार आहे. साध्या गाठीच्या सवयीने लोक ते खाली सोडतात, गाठ झाल्यावर वर येईल म्हणून. इथे येत नाही. कॉलरजवळ रुंद टोक चिमटीत धरून मधोमध एक खळगी पाडा, तीच पुढे गाठीखाली दिसते.

बारीक टोक रुंद टोकावरून उजवीकडे न्या. मग खालून आतून वर काढा, गळ्याच्या वेढ्यातून बाहेर येईल, ते पुढून डावीकडे खाली सोडा. आता रुंद टोकाच्या मागून उजवीकडे. तिथून पुढून वर उचला, वेढ्यात वरून आत घाला आणि उजवीकडेच बाहेर काढा. इथे थांबून बघा, दोन्ही बाजूंना एकेक तिरपी पट्टी दिसली पाहिजे. नसेल तर सोडा आणि पहिल्यापासून करा, पुढे जाऊन सुधारत नाही.

आता बारीक टोक पुढून आडवं डावीकडे. परत आतून वर काढा, आणि आत्ताच पडलेल्या आडव्या पट्टीच्या खालून ओवून खाली आणा. ही झाली फुल विंडसर, फरक एवढाच की ती बारीक टोकाने बांधली आहे. साधी विंडसर बांधणारा इथे ओढून मोकळा होतो. आपण ओढायचं नाही. ही उभी पट्टी इतकी सैल ठेवा की तिच्याखाली दोन बोटं जातील.

उरलेलं टोक रुंद टोकाच्या मागून उजवीकडे न्या, हेही सैलच. आणि शेवटची चाल: पुढून डावीकडे आणताना ते त्या सैल उभ्या पट्टीच्या खालून काढा. व्हिडिओत तुम्हाला दिसत नाही ते हेच, कारण बांधणाऱ्याचा अंगठा त्यावर येतो.

आता डावीकडे हळूहळू ओढा. एकदम नाही. ओढता ओढता दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तिन्ही पट्ट्या मध्याकडे सरकवत राहा, तीन टोकं एका बिंदूत आली की थांबा. उरलेलं टोक गळ्याच्या पट्टीखाली डावीकडे दडपा, कॉलर पाडा.

फोटोत ती तिन्ही बाजूंनी सारखी दिसते तशी पहिल्यांदा दिसणार नाही. डावा भाग फुगीर राहतो. बोटांनी दाबत बसण्यापेक्षा शेवटच्या दोन चाली सोडून परत करा.

गिरणाकाठ

जमली! म्हणजे त्रिकोण दिसतोय. पण दडपलेलं टोक कॉलरच्या बाहेर डोकावतं, मान वळवली की आणखी येतं. वितीच्या वर उरतंय.

माहेर धुळं

छोटी सेफ्टी पिन. टोक गळ्याच्या पट्टीला आतल्या बाजूने लावून टाका, टायच्या मागच्या अस्तरातूनच घ्या, पुढच्या कापडाला भोक पाडू नका. पिनेचं तोंड बाहेरच्या बाजूला, मानेकडे नाही. माझ्या पिशवीत साडीच्या पिना असतात, त्यातली सगळ्यात बारीक पुरते.

उरेबवाला (अमळनेर)

ताई म्हणतात तसं करा, पण वीतभर उरणं म्हणजे रुंद टोक फारच आखूड ठेवलंय. ते चार बोटं खाली सोडून बघा. जाकिटाची सवलत आहे म्हटलं म्हणून एवढीही नको, जाकिटाखालून शर्ट दिसेल.

भुसावळ जंक्शन

फेटा बांधणार आहात का रात्री? आमच्या भाच्याच्या लग्नात फेटेवाला आधी आला, टायवाला नंतर. त्यामुळे काय झालं ते विचारू नका.

गिरणाकाठ

फेटा आहे काका. म्हणजे क्रम ठरवायला हवा.

माहेर धुळं

शर्ट, टाय, जाकीट, मग फेटा, आणि सगळ्यात शेवटी कोट. फेटेवाल्याला हात वर करून गुंडाळावं लागतं, कोट असेल तर नवरदेव हलतो आणि खांदे चुरगळतात. फेटा बांधेपर्यंत टायवर एक रुमाल पसरून ठेवा. फेट्याचा जरीचा शेमला पुढे खांद्यावरून सोडणार असतील तर तो गाठीवर येतो, त्याला मागे सोडायला सांगा. नाहीतर एवढं सगळं कशाला केलं?

आणि हॉलवर जानोशाची खोली बघून या आधी. आरसा असतो, उजेड नसतो. एक बल्ब घेऊन जा बरोबर, पिवळा नको.

नंदुरबारी सुरतेत

टाय आदल्या रात्री बांधून ठेवायचा विचार असेल तर एक सांगतो. साधी गाठ सैल करून डोक्यावरून काढता येते, कारण ती बारीक टोकावर सरकते. ट्रिनिटी-एल्ड्रेजमध्ये गाठ रुंद टोकावर असते, आणि टाय खाली रुंद होत जातो, त्यामुळे ती फार सरकत नाही. ओढून-ताणून काढली तरी परत घालताना तिन्ही पट्ट्या हलतात. त्या दिवशीच बांधा. सरावासाठी मात्र उशीला बांधून बघता येते, मी तसाच शिकलो.

गिरणाकाठ

उशी नाही, पुतण्या धरलाय. आईस्क्रीमच्या बोलीवर.

काढताना काय काळजी घ्यायची? हा टाय परत वापरायचा आहे, हळदीनंतर सत्यनारायणाला नाही, पण पुण्याच्या ऑफिसात.

उरेबवाला (अमळनेर)

ज्या वाटेने आलं त्याच वाटेने परत. दडपलेलं टोक बाहेर काढा, शेवटची चाल आधी सोडवा, मग तिच्या आधीची. रात्री दमलेला माणूस काय करतो, गाठ धरून खेचतो आणि बारीक टोक सर्रकन ओढून काढतो. आतला तो सैल टाका तिथेच तुटतो आणि टायची मागची शिलाई उसवते.

सोडल्यावर रुंद टोकापासून सैल गुंडाळून ठेवा, एक-दोन दिवसांत घड्या बऱ्याच जातात. इस्त्री थेट नाही, पॉलिस्टरवर तर अजिबात नाही, चकाकी येते ती जात नाही. न्हाणीघरात गरम पाण्याची बादली भरून दार लावा आणि वाफेत टांगून ठेवा. घामाने ओला झालेला टाय लगेच गुंडाळू नका, आधी पंख्याखाली वाळवा. मे महिन्यात तो ओला होणारच.

चोपड्याचा गणित मास्तर

भावाला सांगा, नववी चाल घेतली तर गाठ ४३ पैकी एक होईल, पण त्यासाठी परत रुंद टोकाने बांधावी लागेल, फिंक-माओंचे नियम तसे आहेत. त्याला वेळ असेल तर ४३ कागदावर लिहून काढ म्हणावं. शेवटच्या तीन चाली ठरलेल्याच असतात, आरशातल्या जोड्या वगळायच्या, मग उरतं ते हाताने मोजता येतं.

खान्देशी सून

मध्येच विचारते, चालेल ना? आमच्याकडे जूनमध्ये मुंज नाही पण जावळ आहे, आणि सासूबाईंना दोन वर्षांच्या नातवाला टाय हवाय. इलॅस्टिकचे आहेत त्यांची गाठ शिवलेली असते, प्लास्टिकची वाटते. त्यावर अशी ट्रिनिटी करता येईल का?

उरेबवाला (अमळनेर)

करता येते ताई, पण लहान मुलाच्या गळ्यात खरी बांधू नका. त्यापेक्षा जुन्या पातळ टायवर मोठ्या माणसाच्या गळ्यात ट्रिनिटी बांधा, मागून दोन-चार टाके घालून पक्की करा, मग गळ्यातून कापून काढा. कापलेली टोकं आत दुमडून हातशिलाई करा आणि मागे एक क्लिप शिवा, जी शर्टाच्या पहिल्या बटणाच्या पट्टीला लागेल. गळ्याभोवती काहीच येत नाही, ओढलं तर निघून येतं. रुंद टोक मुलाच्या पोटापर्यंत ठेवून खालून कापलंत तर टोक परत त्रिकोणी दुमडावं लागेल, तिथे अस्तर आधी कापा, कापड नंतर.

जुना टाय नसेल तर दुकानावर या, चिंध्यांत दोन पडलेत.

खान्देशी सून

रंग कोणते आहेत?

उरेबवाला (अमळनेर)

एक मरून, एक राखाडी. राखाडीला डाग आहे, पण तो गाठीच्या आत जाईल.